निळ्या सदऱ्यांवरचे बगळे

दिनानाथ घरत कापडावर काय छापतो, हे छापताना कोणालाच दिसत नाही. गडद निळा सदरा टेबलावर ताणून बसवायचा, त्यावर जाळीची चौकट टेकवायची, रबरी पट्टीने लगदा एकदाच सरळ ओढायचा आणि चौकट उचलायची. खाली दिसतं काय, तर ओलसर डाग, पाण्याचा हात लागल्यासारखा. वाळला की तोही दिसेनासा होतो. नागावचे होमस्टेवाले माल बघायला आले की विचारतात, "काका, छापलंय कुठे?" दिनानाथला या प्रश्नाचा कधी कंटाळा येत नाही, कारण दिवसभरात त्याला काही विचारणारं दुसरं कोणी नसतं.

गावात या कामाला डिस्चार्जच म्हणतात, आणि म्हणताना हसतात, कारण दवाखान्याबाहेर हा शब्द त्यांनी दुसरीकडे ऐकलेला नाही. बाकीचे छापणारे कापडावर रंग चढवतात, दिनानाथ उतरवतो. त्याच्या लगद्यात रंग नसतो, रंग खाणारी पूड असते. ती वाफेशिवाय जागी होत नाही. वर ओलं फडकं घालून तापलेली इस्त्री दाबली, की जिथे लगदा लागलाय तिथला निळा रंग उतरतो आणि सुताचं मूळ पांढरं वर येतं. हे पांढरं दुधासारखं नसतं, मिठागरात पहिला थर धरतो तसं असतं, जरासं मळकट. वरून हात फिरवला तर छपाई बोटांना लागत नाही. बाजारातली रबराची छपाई चार धुण्यांत तडकते, ही कापडाबरोबरच म्हातारी होते. याचा दिनानाथला भारी अभिमान होता, आणि तो अभिमान ऐकून घ्यायला घरात माणूस नव्हतं.

पूर्वी नीराबाई होती. भिवंडीच्या प्रोसेस हाऊसमधली नोकरी सोडून दिनानाथ गावी आला आणि खाजणाच्या कडेच्या जुन्या मिठाच्या वखारीत त्याने टेबल मांडलं, तेव्हा बायकोने आधी नाक मुरडलं होतं. पुढे तिनेच इस्त्री हातात घेतली. तो छापायचा आणि ती वाफ द्यायची. कापडाला सुरकुती पडली तर चित्र तुटतं, म्हणून इस्त्री फिरताना समोरून कोणीतरी कापडाचं टोक धरून ताणावं लागतं. ते काम दिनानाथचं. तीव्र, नाकात चढणारा वास सुटला की नीराबाई म्हणायची, "वास आला, आता बाय जागी झाली." आणि फडकं उचलायची. बगळ्याचं चित्र तिनेच काढलेलं. मिठागराच्या बांधावर एका पायावर उभा राहिलेला बगळा, मान जराशी वळवून मागे बघणारा. कोणाकडे बघतो ते तिने कधी सांगितलं नाही आणि दिनानाथने विचारलं नाही. आपल्या पुष्कळ गोष्टी विचारायच्या राहिल्या, असं त्याला आताशा फार वाटतं.

ती जाऊन दोन पावसाळे झाले. आता तो टोकावर वजनाचा दगड ठेवून एकटाच इस्त्री फिरवतो. चित्र येतं, नाही असं नाही. फक्त फडकं उचलल्यावर मान वर करून बघावं असं समोर कोणी नसतं.

सख्खा भाऊ मात्र हाकेच्या अंतरावर होता. रघूने रस्त्याच्या वरच्या अंगाला बंगला बांधला, दोन ट्रेलर घेतले. भावाभावांत बोलणं नव्हतं, आणि ते का नव्हतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. घरतांचा गणपती पिढ्यान् पिढ्या थोरल्याच्या घरी, म्हणजे दिनानाथकडे बसायचा. नीराबाई आषाढात गेली आणि त्या भाद्रपदात रघूने गणपती आपल्या बंगल्यावर नेला. घरात दुःख, सण मोडायला नको, त्यात गैर काहीच नव्हतं. पण पुढच्या वर्षी दिनानाथने कोपरा सारवून, पाट धुऊन ठेवला, तेव्हा रघू दारात येऊन म्हणाला, "दादा, गनपती माज्याकडंच ऱ्हाऊ दे. तुज्याकडं आता मोदक कोन वलनार?"

बोलणं खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते वर्मी लागलं. दिनानाथच्या तोंडून निघून गेलं, "माज्या उंबऱ्याला पुन्ना पाय लावू नको." रघू गेला आणि त्याने भावाचा शब्द मोडला नाही. दिनानाथला हेच सहन होत नव्हतं. एरवी त्याचा एक शब्द न ऐकणाऱ्या भावाने नेमका हा एक ऐकावा.

वैशाखाच्या सुरुवातीला रघूची लेक नेत्रा वखारीत आली. तिच्या लग्नाचं दिनानाथला बाहेरूनच कळलं होतं. मुलगा माणगावचा, नोकरीला चांगला. लहानपणी ही पोर नीराबाईच्या पदराला धरून याच टेबलाखाली बसायची आणि फडकं उचललं की टाळ्या वाजवायची. आता तिने स्कूटरवरून दोन गाठोडी उतरवली.

"मोठेबाबा, हळदीला सगळ्या भावकीला एकसारखे सदरे हवेत, पोरींना ओढण्या. काकीचा बगळा छापून द्या."

दिनानाथने गाठोडं उघडलं. कापड गडद निळं. "हलदीला असला रंग? तुजी आई काय बोलली?"

"आई बोलली, काळ्यात जमा आहे. भांडले मी. म्हटलं, बगळा आला की निळा रंग कोणाला दिसणार नाही."

"आन् तुजा बापूस?"

"बाबा काही बोलले नाहीत. कापड मात्र तेच घेऊन आले, पनवेलवरून."

दिनानाथने गाठोडं पुन्हा बांधलं. नेत्रा घुटमळली. हळदीला या, एवढे दोन शब्द तिच्या ओठांवर होते आणि ती ते बोलू शकत नव्हती. नवरीने आपल्याच लग्नाचं बोलावणं करायचं नसतं. भावकीतल्या थोरल्याला तर नवरीच्या बापानेच जायचं, हातावर सुपारी ठेवायची, कपाळाला कुंकू लावायचं, मग मांडव उभा करायचा. थोरला तर दिनानाथच होता. रघूने उंबरा ओलांडायचा नाही आणि सुपारीशिवाय दिनानाथने जायचं नाही. दोघांनी मिळून गाठ अशी पक्की मारली होती की सोडवायला तिसरं माणूस हवं होतं, आणि ते तिसरं माणूस आषाढात निघून गेलं होतं.

"कापडं कोण न्यायला येईल?" त्याने विचारलं.

"कुलदीपला पाठवते. आमचा टेम्पोवाला." स्कूटर चालू करताना ती म्हणाली, "मोठेबाबा, माणगाव काही लांब नाही हो." आणि डोळे पुसत गेली.

त्यानंतर दिनानाथ वाट बघू लागला. बघत नाही असं स्वतःला बजावून बघू लागला, हे अधिक वाईट. खाजणाच्या वळणावर उंडीचं झाड आहे, तिथे रघूची पांढरी गाडी एका सकाळी येऊन उभी राहिली. दिनानाथ खिडकीतून बघत होता. गाडी जराशी थांबली आणि माघारी वळली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. फोन आला असेल, टायर बघायचा असेल, असं तो मनाशी म्हणाला. दाराबाहेर येऊन नुसतं उभं राहिलं असतं तरी पुरे होतं, पण त्याचे पाय हलले नाहीत.

बगळ्याची जुनी जाळी एका कोपऱ्यात फाटली होती. ती नवी करून घेण्यात दिवस गेले आणि छपाई अगदी हळदीच्या दिवसावर आली. पहाटे फटफटताच त्याने टेबल पुसलं. गाठोड्यात सगळ्यात वर एक सदरा निराळा होता: बाकीच्यांपेक्षा सैल, आणि आतल्या बाजूने छातीवर खिसा शिवलेला. चुकून आला असेल, असं म्हणून त्याने तो पहिला छापला आणि वाळल्यावर बाजूला घडी घालून ठेवला. मग एकेक करत बाकीचे त्याच्यावर रचत गेला. लगदा ओढताना हात हलका चालत होता. काही झालं तरी नेत्राच्या अंगणात नीराबाईचा बगळा उतरणार होता.

दुपारपर्यंत छपाई संपली, घड्या रचून झाल्या, इस्त्री लावली आणि वीज गेली. डीपीवरचं काम, संध्याकाळशिवाय येत नाही, असं फोनवरून कळलं. संध्याकाळपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. ही पूड खाऱ्या दमट वाऱ्यात फार तग धरत नाही. छापलेल्या कापडाला त्याच दिवशी वाफ मिळाली नाही तर तिचा जोर मरतो, आणि मग कितीही इस्त्री घासा, चित्र येत नाही. नागावात एका इस्त्रीवाल्याकडे कोळशाची जुनी इस्त्री होती. दिनानाथ सायकल घेऊन निघाला. दाराला कडी नुसती लावली, कुलूप नाही. त्या वस्तीत कोणी लावत नाही.

परत आला तो सायकलच्या कॅरिअरला पितळी इस्त्री आणि हँडलला कोळशांची पिशवी. दार उघडं. टेबलावर काही नाही. शेजारच्या आवारातल्या बाईने कुंपणावरून सांगितलं, "कुलदीप येऊन घेऊन गेला. घड्या घालून ठेवलेल्याच व्हत्या, बोलला काम झालं."

दिनानाथ मटकन खुर्चीवर बसला. कुलदीपचा दोष नव्हता. झालेला माल आणि न झालेला माल त्याला काय, कोणालाच वेगळा दिसला नसता. पण आता रघूच्या मांडवात गाठोडी सुटतील आणि आत काय निघेल, तर कोरी, गडद, लगद्यातल्या डिंकाने कडक झालेली कापडं. लेकीच्या हळदीला काळी कापडं. थोरल्याने मुद्दाम धाडली, मनातली आग काढली, असंच बोलतील. त्याने नेत्राला फोन लावला. वाजत राहिला. हळदीला बसवलेल्या नवरीच्या हातात फोन कोण देतो?

आणि मग त्याच्या मनात आलं ते असं की, बोलू देत. बोलावलं नाही, सुपारी दिली नाही, बसू देत काळी कापडं घालून. हा विचार आला आणि त्याला गोड लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. गेल्या गणपतीपासून जपून ठेवलेला राग असा आयता कामी येत होता. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. वखारीत खारा वारा शिरत होता, टेबलावरची फडकी हलत होती. त्या वाऱ्याकडे लक्ष गेलं आणि तो उठला. तिकडे अंगणातही हाच वारा असणार, आणि घडीघडीतला बगळा मरत असणार. बगळा काही रघूचा नव्हता.

चढण चढून तो रघूच्या फाटकाशी आला तेव्हा उन्हं अजून वर होती. मांडवात बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, बाजूला पोरं स्पीकरच्या वायरी जोडत होती. इस्त्री हातात घेतलेला दिनानाथ दिसला आणि गाणं मध्येच थांबलं. ओट्यावर गाठोडी सुटून पडली होती. रघूची बायको सुचिता एक सदरा चिमटीत धरून उभी होती. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"दादा, पोरीनं तुमचं काय वाकडं केलं हो? हलदीला कोरी काली कापडं धाडलीत?"

रघू खांबाशी उभा होता. दिनानाथचे कान तापले. बोलावल्याशिवाय आलेला माणूस आणि वर चोर ठरलेला. मागे फिरावं असं त्याला एकदा वाटलं. मग त्याने सुचिताकडे बघून एवढंच म्हटलं, "कोरी न्हायत. मना एक टेबल दे, घोंगडी दे आन् इस्तव दे. बोलायला मागून टाइम हाय."

बोलण्यात काय होतं कोणास ठाऊक, पण सुचिता वळली आणि आत गेली. टेबल आलं. घोंगडी अंथरली. चुलीतला निखारा इस्त्रीत भरला. दिनानाथने वरचा सदरा टेबलावर पसरला, फडकं पाण्यात पिळून त्यावर घातलं आणि इस्त्री टेकवली. चर्र झालं. वाफ वर आली, पण कापड सरकलं, सुरकुतलं. इकडे वजनाचा दगड नव्हता. त्याने पुन्हा ओढून बसवलं. पुन्हा सरकलं. सगळा मांडव बघत होता.

समोरून कोणीतरी कापडाचं टोक धरलं आणि ताणलं. दिनानाथने हात ओळखले, मान वर केली नाही. मिठागरात मीठ ओढून ओढून रघूच्या डाव्या अंगठ्याचं नख लहानपणीच वाकडं झालं होतं.

इस्त्री फिरली. वास सुटला, तो नाकात चढणारा वास, आणि पुढची पोरं नाक धरून मागे सरली. दिनानाथ पुटपुटला, "वास आला." त्याने फडकं उचललं. निळ्या छातीवर बगळा उभा होता, एका पायावर, मान वळवून.

बायकांमधून "आगो बाय" असा एकच आवाज उठला. सुचिताने जवळ येऊन बोट फिरवलं, बोटाला काहीच लागलं नाही, तेव्हा ती तशीच बघत राहिली. नेत्रा हळदीच्या पाटावरून उठून आली. पाटावरून उठायचं नसतं, असं कोणी तरी म्हणालं, पण तिने ते कानावर घेतलं नाही. "ही चित्रं अशीच येतात," ती सगळ्यांना सांगू लागली, "काकी अशीच काढायची." आणि लहानपणी वाजवायची तशा तिने टाळ्या वाजवल्या.

मग काम लागलं. दिनानाथ इस्त्री करायचा, रघू टोक धरायचा. "अंगाला लावायच्या आधी पाण्यातनं काढा," दिनानाथ सांगत होता, "डिंक आन् पूड जाऊ दे." बायकांनी पंपाखाली टप मांडले, पोरींनी मांडवाच्या दोऱ्यांवर वाळत घातलं. वैशाखाचं ऊन, कापड घडीभरात कडकडीत होत होतं. दोऱ्या बगळ्यांनी भरून गेल्या. या सगळ्यात दोघा भावांचं बोलणं कामापुरतं. "खाली", "सोड", "ओढ", एवढंच. गठ्ठा उतरत गेला तसे बगळे जरा फिके येऊ लागले. दिनानाथ इस्त्री जास्त दाबू लागला.

सगळ्यात शेवटी, तळाचा, आतल्या खिशाचा सैल सदरा आला. पहाटे सगळ्यात आधी छापलेला. त्याने फडकं घातलं, इस्त्री दाबली, वाट पाहिली. वास आला नाही. फडकं उचललं. निळ्या कापडावर निळाच, थोडा धुरकट, बगळा असेल-नसेल असा काहीतरी आकार.

"याचा जोर मेला," दिनानाथ म्हणाला. "कोनाचा हाय हा? नवा छापून देतो त्याला."

नेत्राने रघूकडे पाहिलं.

"तुजा," रघू म्हणाला. टोक अजून त्याच्या हातातच होतं. "मीच माप सांगितलेलं शिंप्याला. वैनी आतून खिसा लावायची ना तुज्या सदऱ्याला, चष्म्यासाठी. तसाच लावायला सांगितला."

दिनानाथने इस्त्री उभी केली. इतक्या माणसांत डोळ्यांत पाणी आलं याची त्याला लाज वाटली नाही, वाटायला वेळच मिळाला नाही. "सुपारी घेऊन का न्हाय आलास मग?"

"आलो व्हतो. उंडीपर्यंत आलो व्हतो, दोन खेपा. उंबऱ्याला पाय लावू नको बोललास."

"मी खिडकीत व्हतो."

"मना ठाव हाय. दिसत व्हतास."

सुचिताने ताटातली सुपारी आणून नवऱ्याच्या हातात दिली. रघूने ती भावाच्या तळव्यावर ठेवली, बोटाने कपाळाला कुंकू लावलं. मांडव तर कधीचा उभा होता, रिवाज सगळा उलटा झाला होता, पण कोणी बोललं नाही. तो धुरकट सदराही पाण्यातून काढून वाळला, तेव्हा दिनानाथने अंगातला सदरा काढून तो चढवला. मांडवात सदरे घातलेल्या सगळ्यांच्या छातीवर पांढरे बगळे आणि त्याच्या छातीवर नुसती सावली. एका पोराने विचारलं, "आजोबा, तुमचा बगळा कुठाय?" दिनानाथ म्हणाला, "हाय. उशीर झाला त्याला."

दिवेलागणीला नेत्राला हळद लागली. पहिलं बोट थोरल्याने लावायचं, ते दिनानाथने लावलं. तिनेही ताटातली हळद घेऊन त्याच्या गालांना फासली आणि कानाशी म्हणाली, "माणगावला यायचं, हं." त्याने मान डोलावली. मग स्पीकर सुरू झाले, पोरं नाचायला लागली आणि दोघे भाऊ अंगणाच्या कडेला, पंपाच्या कट्ट्यावर येऊन बसले.

रघू म्हणाला, "दादा, औंदा गनपती तुज्याकडं नेऊ. थोरल्याचं घर ते. माजंच चुकलं तवा."

गेल्या गणपतीपासून दिनानाथ या वाक्यासाठी जगला होता. रघूने काय बोलावं आणि आपण त्यावर काय बोलावं, हे त्याने वखारीत इस्त्री फिरवताना किती वेळा ठरवलं होतं. आता ते वाक्य समोर आलं आणि त्याला आपलं घर दिसलं: सारवलेला कोपरा, धुऊन उभा करून ठेवलेला पाट, थंड चूल. टेबलाच्या कडेचा वजनाचा दगड.

"नको," तो म्हणाला. "इथंच ऱ्हाऊ दे. माज्याकडं आता मोदक कोन वलनार?"

रघूने मान खाली घातली. दिनानाथने त्याच्या पाठीवर हात ठेवला, सदऱ्याच्या आतल्या खिशातून चष्मा काढला आणि नाचणाऱ्या पोरांच्या छातीवरचे बगळे बघत बसला.